भूत परवडलं, पण पाहुणे आवरा!

मंडळी, आपल्या होस्टेलचा एक अलिखित सिलॅबस आहे. पहिल्या सेमिस्टरला एम-वन, ग्राफिक्स आणि मागच्या गेटबाहेरचा 'कॉन्ज्युरिंग बंगला'. पहिल्या दोन विषयांत केटी लागली तरी चालते, तिसऱ्यात चालत नाही. तो काढावाच लागतो! रात्री साडेबारानंतर जायचं, फाटक ढकलून व्हरांड्यापर्यंत पोचायचं, बेल दाबायची आणि जीव घेऊन पळत सुटायचं. पुरावा म्हणून मोबाईलवर व्हिडिओ. ही प्रथा कुठल्या बॅचने सुरू केली ते कुणालाच माहीत नाही. पडका कठडा, कौलारू छप्पर आणि अंगणात एक वठलेलं झाड, एवढ्या भांडवलावर कुणीतरी त्या बंगल्याला पिक्चरचं नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

मीही गेलो आहे. बेलही दाबली आहे. तेव्हा यापुढे मी जे काही शहाणपण पाजळणार आहे ते आधी मला लागू आहे, मग तुम्हाला. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

झालं असं की मागच्या सुट्टीत घरी काही उद्योग नव्हता, म्हणून हॉरर पिक्चरांमागच्या खऱ्या घरांबद्दल वाचत बसलो. शोधायला निघालो होतो भुतं, सापडली माणसं. आणि ज्या प्रकारची सापडली ते वाचून मला आपलाच मागचा गेट आठवायला लागला.

सुरुवात अर्थातच 'कॉन्ज्युरिंग'पासून. अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं एक पिटुकलं राज्य आहे. तिथल्या बरिलव्हिल गावच्या हॅरिसव्हिल भागात साधारण १७३६ सालचं एक लाकडी शेतघर आहे. १९७१ मध्ये एक कुटुंब तिथे राहायला आलं. नवरा-बायको आणि पाच मुली. घरात काहीतरी आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि भुताखेतांचा माग काढणारं एड आणि लॉरेन वॉरन हे प्रसिद्ध जोडपं तिथे येऊन गेलं. यावरून २०१३ मध्ये जेम्स वॉनने पिक्चर काढला. आता दोन गोष्टी ऐका. एक, ते कुटुंब त्या घरात १९८० पर्यंत राहिलं, म्हणजे तब्बल नऊ वर्षं! (आपण मेसचं जेवण चार वर्षं सोसतो त्याचं उगाच कौतुक करतो.) दोन, पिक्चरचं शूटिंग त्या घरात झालंच नाही. ते झालं शेकडो मैल लांब, नॉर्थ कॅरोलायनात. पडद्यावर आपण जे घर बघून उशीत तोंड खुपसलं, ते हॅरिसव्हिलचं घर नव्हेच.

पण हे बघणाऱ्यांना कोण सांगणार? पिक्चर आला तेव्हा खऱ्या घरात एक वयस्क जोडपं राहत होतं. पिक्चर त्यांनी काढला नव्हता, त्यातली भुतं त्यांनी पाळली नव्हती. त्यांचा गुन्हा एकच, पत्ता. रात्री-अपरात्री अनोळखी लोक आवारात शिरायला लागले. शेवटी २०१५ मध्ये त्यांनी वॉर्नर ब्रदर्सवर दावा लावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की पिक्चर आल्यापासून आम्हाला स्वतःच्या घरात शांतपणे राहता येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

निदान जिवंत माणूस कोर्टात तरी जाऊ शकतो. मेलेल्याने काय करायचं? या पिक्चरमधली चेटकीण आठवते ना, बॅथशिबा? ती कल्पनेतली नाही. बॅथशिबा शर्मन नावाची बाई एकोणिसाव्या शतकात त्या भागात खरोखर राहत होती. पिक्चरमध्ये ती पोटच्या बाळाचा बळी देते आणि १८६३ साली झाडाला गळफास लावून घेते. खरी बॅथशिबा वारली १८८५ मध्ये, म्हणजे पिक्चरवाल्यांनी मारल्यानंतर २२ वर्षांनी! ती चेटूक करत होती याला काडीचा पुरावा नाही. तिचं थडगं हॅरिसव्हिलच्या दफनभूमीत आहे आणि त्या दगडाची पुन्हा पुन्हा नासधूस झाली आहे. विचार करा. आपल्यातल्या कुणाच्या पणजीला शंभर-सव्वाशे वर्षांनी कुणीतरी हडळ म्हणून पडद्यावर दाखवलं आणि टोळकी येऊन तिची समाधी फोडायला लागली, तर आपण त्याला 'एंटरटेनमेंट' म्हणू का?

याच्याही आधीची, आणि माझ्या मते जास्त वाईट गोष्ट आहे ॲमिटीव्हिलची. न्यूयॉर्क राज्यात लाँग आयलंडवर हे गाव आहे. तिथल्या ११२, ओशन अव्हेन्यू या घरात १३ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री रोनाल्ड डिफेओ नावाच्या २३ वर्षांच्या तरुणाने आपले आई-वडील, दोन भाऊ आणि दोन बहिणी अशा सहा जणांना गोळ्या घालून मारलं. हे मात्र शंभर टक्के खरं. त्याला शिक्षा झाली आणि २०२१ मध्ये तो कैदेत असतानाच मेला.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १९७५ मध्ये, लट्झ कुटुंबाने ते घर घेतलं आणि अवघ्या २८ दिवसांत सोडलं. त्यांनी जे सांगितलं त्यावरून जे ॲन्सनचं पुस्तक आलं १९७७ मध्ये आणि पिक्चर १९७९ मध्ये. त्याच १९७९ मध्ये डिफेओच्या वकिलाने जाहीरपणे सांगितलं की ही भुताची गोष्ट आम्ही मिळून वाइनच्या बाटल्या रिकाम्या करता करता रचली. लट्झ मंडळी मात्र आमचे अनुभव खरे आहेत यावर ठाम राहिली. कुणावर विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला मुद्दा मांडायचाय तो त्यांच्यानंतर आलेल्यांचा.

त्यांच्यानंतर ज्या कुटुंबाने घर घेतलं ते तिथे दहाएक वर्षं राहिलं. त्यांना काय दिसलं? भूत नाही, माश्या नाहीत, भिंतीतून रक्त नाही. त्यांना दिसले फक्त पुस्तक वाचून आणि पिक्चर बघून आलेले लोक. अंगणात लोक, खिडकीशी लोक, कॅमेरे घेऊन लोक. शेवटी काय करावं लागलं माहीत आहे? त्या घराच्या पोटमाळ्याला दोन पाव चंद्रकोरी खिडक्या होत्या. पोस्टरवर त्या डोळ्यांसारख्या दिसायच्या. त्या काढून साध्या चौकोनी बसवल्या, आणि घराचा नंबरसुद्धा बदलून घेतला गेला. म्हणजे बघा, ज्या घराला भुतं हलवू शकली नाहीत त्याचे डोळे आणि नाव दोन्ही पाहुण्यांनी बदलायला लावले.

इथेही शूटिंग त्या घरात नव्हतंच. पिक्चर चित्रित झाला न्यू जर्सीतल्या टॉम्स रिव्हर गावात. तिथल्या एका घराला तशाच खिडक्या लावल्या, आणि मग ते घर बघायलाही लोक जायला लागले. एका घराचा ताप होता, त्याची दोन घरं झाली.

आणि ते सहा जण? सगळ्यात धाकटा नऊ वर्षांचा होता. ॲमिटीव्हिलच्या नावावर कितीतरी पिक्चर निघाले. पहिला पाहिलेल्या माझ्या मित्रांना मी मुद्दाम विचारलं. माश्या सगळ्यांना आठवतात, खिडक्या सगळ्यांना आठवतात. ती मुलं एकालाही आठवली नाहीत. खऱ्या मरणाला तिकीट नाही, खोट्या भुताला हाउसफुल्ल.

आता कुणी म्हणेल, "अरे, पण जागेत काहीतरी असल्याशिवाय का लोकांना तिथे जाऊन काटा येतो?" यावर माझं उत्तर 'एक्झॉर्सिस्ट'मधून. १९७३ चा हा पिक्चर त्याच नावाच्या १९७१ च्या कादंबरीवरून आला, आणि कादंबरीला निमित्त होतं १९४९ मधल्या मेरिलँड राज्यातल्या एका मुलाची केस. त्या मुलाचं घर माउंट रेनियर गावात होतं असं लोक धरून चालले. घर तर तिथे उरलंही नव्हतं, नुसता रिकामा प्लॉट. तरी वर्षानुवर्षं तिथे पोरं रात्री जायची, काटा आणून घ्यायची, परत यायची. १९९० च्या दशकाच्या अखेरीस एका चिकाट्या माणसाने जुने कागद तपासून दाखवून दिलं की तो मुलगा माउंट रेनियरचा नव्हताच. तो राहायचा जवळच्या कॉटेज सिटीत! म्हणजे इतकी वर्षं लोक चुकीच्या जागी जाऊन घाबरत होते. आणि व्यवस्थित घाबरत होते! मग ती भीती जागेत होती की सोबत डब्यात भरून आणली होती? आपल्याकडे हे चार शब्दांत कधीच सांगून ठेवलंय, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. आपण म्हणीत फक्त एक कलम वाढवलं. ब्रह्मराक्षस सापडला नाही तर दुसऱ्याच्या घराची बेल दाबायची.

कॉन्व्हेंटमध्ये असताना आम्हाला इंग्रजीच्या टीचर एकेका शब्दाचा इतिहास सांगायच्या. तेव्हा कंटाळा यायचा, आता एक उपयोगी पडतोय. 'हाँटेड' हा शब्द ज्या 'हाँट'वरून आला त्याचा मूळ अर्थ भुताने झपाटणं असा नव्हताच. मूळ अर्थ साधा, एखाद्या ठिकाणी वारंवार येत-जात राहणं. भुतं त्या शब्दात मागाहून शिरली. त्या जुन्या अर्थाने बघितलं तर हॅरिसव्हिलचं घर हाँटेड आहे, ॲमिटीव्हिलचं आहे आणि आपल्या मागच्या गेटबाहेरचा बंगला तर नक्कीच आहे. फक्त झपाटणारे कोण ते आरशात बघायचं.

मग काय, हॉररप्रेमींनी घरी बसून भजन करायचं? मुळीच नाही. मी स्वतः हॉररवेडा आहे आणि अशा जागा बघाव्यात असं मला मनापासून वाटतं. फक्त बोलावणं आहे की नाही, एवढं बघावं.

कोलोरॅडोतलं स्टॅनली हॉटेल घ्या. ते १९०९ मध्ये सुरू केलं एफ. ओ. स्टॅनली यांनी. मेकॅनिकलवाल्यांनो, मान वर करा, हे तेच स्टॅनली ज्यांची वाफेवर चालणारी मोटार प्रसिद्ध होती! १९७४ मध्ये स्टीफन किंग आणि त्यांची बायको तिथे मुक्कामाला आले. सीझन संपलेला, हॉटेल हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या बेतात, दुसरं गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. त्या रिकाम्या कॉरिडॉरमधून 'द शायनिंग' कादंबरी निघाली, १९७७ मध्ये. किंग राहिले ती खोली २१७. तीन वर्षांनी स्टॅन्ली कुब्रिकने पिक्चर काढला, पण हॉटेल बाहेरून दाखवलं ते ओरेगनमधलं टिंबरलाइन लॉज. त्या लॉजवाल्यांना धास्ती पडली की आमच्या २१७ मध्ये पुढे कुणी राहणार नाही. म्हणून पिक्चरमध्ये खोली झाली २३७, जी लॉजमध्ये अस्तित्वातच नाही. झालं उलटंच. लोक हटकून २१७ च मागतात! इकडे स्टॅनलीत येणारे पाहुणे पिक्चरमधला झाडांचा भूलभुलैया कुठे आहे म्हणून विचारत राहायचे. तो तिथे कधीच नव्हता. अखेर २०१५ मध्ये हॉटेलवाल्यांनी खरोखरच लावून टाकला. याला म्हणतात धंदा, आणि यात कुणाची झोप मोडली नाही. जो आला तो भाडं भरून, स्वतःहून घाबरायला आला.

'टेक्सस चेन सॉ मॅसॅकर' (१९७४) मधलं घर तर १९९८ मध्ये सुटं करून दुसऱ्या गावी हलवलं आणि तिथे रेस्टॉरंट झालं. पडद्यावर जिथे माणसं कापली तिथे लोक पोटभर जेवले. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागातल्या 'एक्झॉर्सिस्ट'च्या ७५ पायऱ्या सार्वजनिक रस्त्याचाच भाग आहेत, आणि २०१५ मध्ये तिथे रीतसर फलकही लागला. दिवसा व्यायाम करणारे त्याच पायऱ्या चढतात-उतरतात. जा, बघा, फोटो काढा. कुणाचं काही जात नाही.

आपल्याकडचं उदाहरण 'तुंबाड'चं. २०१८ च्या या पिक्चरचं काही चित्रीकरण सासवडच्या पुरंदरे वाड्यात झालं. आमच्या विंगमधले तिघं बाइकवर जाऊन आले. आल्यावर अर्धा तास हस्तरबद्दल बोलले. पुरंदरे कोण, पेशवाईशी त्यांचा काय संबंध, असं मी विचारलं तर तिघंही एकमेकांकडे बघायला लागले! पिक्चरमुळे सासवडला जाताय याचा आनंदच आहे, नाहीतर आपण कशाला तिकडे वळलो असतो. पण तीनशे वर्षं मागे नेणाऱ्या दारात उभं राहून फक्त सेल्फी काढून परत यायचं, हा मात्र करंटेपणा झाला.

एक आक्षेप माझ्या रूममेटने काढला, तो खरा दमदार आहे. तो म्हणाला, "तू उगाच गळा काढतोस. कॉन्ज्युरिंगच्या घराचा भाव बघ ना!" खरंय. ते घर २०१९ मध्ये ४ लाख ३९ हजार डॉलरला विकलं गेलं आणि २०२२ मध्ये १५ लाख २५ हजारांना. तीन वर्षांत जवळजवळ साडेतीनपट! नव्या मालकांनी पैसे घेऊन लोकांना आत सोडलं, रात्री राहू दिलं. पण हा पैसा मिळाला कुणाला? ज्यांना धंदा करायचा होता त्यांना. ज्यांना फक्त राहायचं होतं ते विकून निघून गेले. आणि धंदाही गावाच्या मर्जीनेच चालतो. २०२४ मध्ये गावच्या कौन्सिलने त्या घराच्या करमणुकीच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. शिवाय भाव दर वेळी चढतोच असंही नाही. ॲमिटीव्हिलच्या घराला २०१६ मध्ये मागितले ८ लाख ५० हजार डॉलर, आणि २०१७ मध्ये सौदा झाला ६ लाख ५ हजारांना. तेव्हा 'मालकाचा फायदाच आहे की' हे आपण आपल्या सोयीसाठी धरून चालतो. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो, आणि मांजर म्हणतं उंदराला प्रसिद्धी मिळाली.

आता शेवटचं. हे मी लिहिणार नव्हतो, पण लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

सुट्टीवरून परत आल्यावर मेडिकलच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे एक आजोबा. दुकानदाराने विचारलं, "काका, झोपेच्या गोळ्या अजून चालूच का?" आजोबा म्हणाले, "हिच्यासाठी घेतो. मी नाही घेत. मला रात्री जागंच राहावं लागतं." आणि मग हसत हसत म्हणाले, "पोरं येतात ना कॉलेजची बेल वाजवायला. झोप लागल्यावर बेल वाजली की छातीत धस्स होतं. त्यापेक्षा जागा राहतो. त्यांचं एकदा वाजवून झालं की मग झोपतो."

रागावून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. ते असं सांगत होते जसं कुणी म्हणावं, नळाला पाणी दोन वाजता येतं.

मी काय केलं? काही नाही. मान खाली घालून क्रोसिनची स्ट्रिप घेतली आणि निघालो. "आजोबा, त्यातला एक मी" हे सहा शब्द... नाही, मोजले तर चारच होतात, तेवढेही बोलता आले नाहीत. दोन दिवसांनी मात्र दिवसाउजेडी गेलो. पुढच्या दाराने, बेल वाजवून. पण या वेळी पळालो नाही. त्यांनी चहा दिला. बंगल्यात भूत नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. एक रेडिओ आहे, अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, आणि ते वठलेलं झाड म्हणजे पारिजातक होता, गेल्या दोन उन्हाळ्यांत वाळला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सीनियर मंडळी, पुढच्या बॅचच्या सिलॅबसमधून हा तिसरा विषय काढून टाका. घाबरलेल्या पोराला अंधारात दुसऱ्याच्या दारात ढकलणं हे रॅगिंगच आहे, त्याला कितीही प्रेमाने 'इंट्रो' म्हटलं तरी. फर्स्ट इयरवाल्यांनो, कुणी जा म्हटलं तर 'नाही' म्हणा आणि माझं नाव सांगा. रेक्टर सरांना आणि स्टाफला विनंती की नुसतं मागच्या गेटला कुलूप लावून प्रश्न सुटणार नाही, कुलूप उघडण्यात आम्ही डिस्टिंक्शनवाले आहोत. ओरिएंटेशनच्या दिवशी हे दोन मिनिटं बोललात तर जास्त उपयोग होईल. आणि ज्यांना हॉररची फारच खुमखुमी आहे त्यांनी शनिवारी माझ्या रूमवर या. लाइट बंद करून 'शायनिंग' लावू, बेल कुणाचीही वाजवणार नाही.

तोपर्यंत, आज रात्री साडेबाराला त्या बंगल्याची बेल वाजली नाही, तर एक म्हातारा माणूस बराच वेळ वाट बघत जागा राहील. उद्याही नाही वाजली तर तसाच. पण आठ-पंधरा दिवस गेले की कधीतरी त्याच्या लक्षात येईल आणि तो दहा वाजता झोपेल. एवढं आपल्या हातात आहे.

— एक होस्टेलवासी, टी.ई. मेकॅनिकल